संमती असली तरी गुन्हा तो गुन्हाच

मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९३४ साली देवदासींच्या संरक्षणासाठी एक छोटा कायदा केला. त्यातले एक कलम आज वाचतानाही थक्क व्हायला होते. स्त्रीला देवाला वाहण्याचा कोणताही विधी, तिची त्याला संमती असो वा नसो, बेकायदा आणि निरर्थक मानला जाईल, असे ते सांगते. रूढी किंवा हिंदू धर्मशास्त्राचा नियम विरुद्ध असला तरी कायदा मागे हटणार नव्हता. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि बेळगाव त्या वेळी मुंबई प्रांतात होते. म्हणजे कोल्हापूर भागातून हजारो माणसे ज्या डोंगरावर दर वर्षी जातात, त्याच डोंगराला हा कायदा लागू झाला.

मानवी तस्करीच्या खटल्यात पीडितेची संमती हा बचाव होऊ शकत नाही, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांनी २००० साली आंतरराष्ट्रीय करारात लिहिले. भारतीय दंड संहितेत ते २०१३ मध्ये आले. आपल्या भागात ते १९३४ मध्येच कायद्याच्या पुस्तकात छापले गेले होते. त्याच्याही चौदा वर्षे आधी, १९२० साली, कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेला कायद्याने मनाई केली होती. १९१७ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आणि १९१९ चा स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा यांच्याच पंक्तीतला हा कायदा. संमती हा शब्द न्यायालयात नेमका कसा हाताळला जातो, हे समजून घ्यायला कोल्हापूरइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

माळ कोण घालते, हो कोण म्हणते

यल्लम्माला वाहिलेली जोगतीण होण्याची सुरुवात बहुधा लहानपणी होते. मुलीच्या केसांत जट निघते. ती न विंचरलेल्या, मळ साचलेल्या केसांचा गुंता असते, पण घरचे तिला देवीचे बोलावणे मानतात. कधी घरात आजारपण असते, कधी मुलगा होत नाही म्हणून नवस बोललेला असतो. मग मुलीला डोंगरावर नेतात, पूजा होते आणि तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडते. त्या दिवसापासून तिचे लग्न होणार नाही हे ठरून जाते. वयात आल्यावर एखादा पैसेवाला तिला ‘ठेवतो’. तो सुटला की पुढची वाट अनेकींना मुंबई, पुणे, सांगलीच्या वस्त्यांकडे घेऊन गेली.

या साखळीत हो कोण म्हणाले? आईबाप म्हणाले, पुजारी म्हणाला, भावकी म्हणाली. मुलगी पाच-सात वर्षांची असेल, तर तिला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. ती वीस-बावीसची झाली आणि कुणी विचारले, तर ती ‘देवीची मर्जी’ असे म्हणते, आणि ते मनापासून म्हणते. तिच्या बोलण्यात खोटे काही नसते. पण जिला दुसरा रस्ता कधी दिसलाच नाही, तिचे हो धरून तिला या वाटेला लावणाऱ्यांना मोकळे सोडले, तर कायद्याचा उपयोग काय? १९३४ च्या कायदेमंडळाने हा पेच ओळखला आणि विधी करणाऱ्यांना संमतीच्या आड लपण्याची जागा ठेवली नाही. देवदासीने लग्न केले तर ते लग्न अवैध ठरणार नाही, हेही त्याच कायद्याने सांगितले. एक दार बंद करताना दुसरे उघडून ठेवले.

राज्य पुनर्रचनेत सौंदत्ती तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पुढे १९८२ मध्ये कर्नाटकाने स्वतंत्र कायदा केला, तेव्हा संमती असो वा नसो हे सूत्र कायम ठेवले आणि विधी करणाऱ्या आईबापांना किंवा नातेवाइकांना इतरांपेक्षा जास्त शिक्षा ठेवली. महाराष्ट्राचा नवा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा. कायद्याच्या बाजूने समाजमन वळवण्याचे काम मात्र माणसांनी केले. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. प्रा. विठ्ठल बन्ने, डॉ. बाबा आढाव, अनिल अवचट अशांनी हा प्रश्न महाराष्ट्रासमोर मांडला. गारगोटीच्या राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ या कादंबरीने तो मराठी वाचकाच्या घरात नेला.

आजचे कलम काय सांगते

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचे कलम १४३ मानवी तस्करीबद्दल आहे. जुन्या दंड संहितेतले कलम ३७० ते हेच. गुन्हा सिद्ध होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली कृती: माणसाला भरती करणे, नेणे, आसरा देऊन ठेवणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा ताब्यात घेणे. दुसरी साधने: धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष. तिसरी हेतू: शोषण. लैंगिक शोषण, गुलामी, गुलामीसारख्या प्रथा, बळजबरीने अवयव काढणे हे सगळे शोषणात मोडते. नव्या संहितेने त्यात भीक मागायला लावणे स्पष्टपणे घातले.

यातले आमिषाचे पोटकलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. पीडितेवर ज्याचा ताबा आहे अशा व्यक्तीची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा फायदे देणे-घेणे, हेही त्यात आमिष मानले आहे. बापाच्या हातात दहा हजार ठेवून मुलीला कामाला नेणारा दलाल ‘घरच्यांनीच पाठवली’ असे म्हणतो, त्याला दिलेले हे उत्तर आहे. घरच्यांचे विकत घेतलेले हो हा बचाव तर होत नाहीच, तो गुन्ह्याचाच एक भाग ठरतो.

शेवटी स्पष्टीकरण येते: तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे. शिक्षा कडक आहे. एका व्यक्तीच्या तस्करीला किमान सात आणि कमाल दहा वर्षे सक्तमजुरी. एकापेक्षा जास्त व्यक्ती असतील किंवा पीडित अल्पवयीन असेल, तर किमान दहा वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत. आरोपी पोलीस किंवा लोकसेवक असेल, तर उरलेल्या सगळ्या आयुष्याची कैद.

हे कलम आले त्याला २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणाची पार्श्वभूमी आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. फेब्रुवारीत निघालेल्या वटहुकमात शोषणाच्या व्याख्येत ‘वेश्याव्यवसाय’ हाच शब्द आला होता. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना या कलमात ओढण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा समितीने केला. संसदेने कायदा करताना तो शब्द काढला आणि ‘कोणत्याही प्रकारचे लैंगिक शोषण’ असे शब्द ठेवले. या एका बदलामुळे पुढच्या अनेक निकालांची दिशा ठरली.

न्यायालयात ‘मर्जी’ कशी येते

छाप्याची कारवाई बहुतेक ठिकाणी सारखीच असते. अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाचे पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवतात. नोटांचे नंबर आधी टिपलेले असतात, सोबत पंच असतात. इशारा मिळाला की छापा पडतो, पंचनामा होतो आणि सुटका झालेल्या मुलीचा जबाब घेतला जातो. काही महिन्यांनी तीच मुलगी साक्षीला उभी राहते आणि उलटतपासणीत आरोपीचा वकील विचारतो, ‘तुम्ही तिथे स्वतःच्या मर्जीने गेला होता ना?’ समोर आरोपी असतो, बाहेर त्याची माणसे असतात, गावाकडच्या घराचा पत्ता त्यांना माहीत असतो. अनेकदा उत्तर ‘हो’ असे येते.

ते ‘हो’ वजनात घेताना न्यायालय तीन गोष्टी तपासते. पहिली, ही कायद्याच्या भाषेत संमती आहे का? न्याय संहितेच्या कलम २८ नुसार भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. पुण्यात घरकाम मिळेल असे सांगून नेलेली मुलगी गाडीत आनंदाने बसली असेल, पण ती घरकामाला बसली होती.

दुसरी, गप्प राहणे म्हणजे होकार का? हा धडा महाराष्ट्राने फार महागात शिकला. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला चालला. असहायपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोपींना सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शरण जाणे आणि राजी असणे यांत अंतर आहे, हे आज न्यायालये गृहीत धरतात.

तिसरी, संमती खरी असली तरी तिचा परिणाम कशावर होतो? लोक ज्याला ‘पिटा’ म्हणतात तो अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम ५ मध्ये वेश्याव्यवसायासाठी व्यक्ती मिळवणे हा ‘संमतीने किंवा संमतीशिवाय’ गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षे आहे. पण तोच गुन्हा त्या व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध केला असेल, तर कैद चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे संमतीमुळे आरोपी सुटत नाही. ती नसेल तर त्याची शिक्षा वाढते. ‘तिची हरकत नव्हती’ असे म्हणणाऱ्या आरोपीला याहून जास्त काही हाती लागत नाही.

वयाचा कागद

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर संमतीची चर्चाच संपते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि त्यात मुलाच्या होकाराला स्थान नाही. म्हणूनच कोठ्यावरची मालकीण सगळ्या मुलींना वय एकोणीस किंवा वीस सांगायला शिकवते. अशा वेळी खटला एका कागदावर येऊन ठेपतो. बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ९४ क्रम ठरवते: आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत इकडे-तिकडे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदवले आहे. चंदगड किंवा आजऱ्याच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरमधली एक ओळ अशा खटल्यात सगळ्या साक्षींवर भारी पडू शकते.

सुटका झाल्यावर वय तपासण्याआधीच मुली सोडून दिल्या जात, मग त्या पुन्हा त्याच दलालाच्या हाती पडत. मुंबईच्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे थांबवले. अल्पवयीन मुलीला बालकल्याण समितीपुढेच न्यावे, पालकांची योग्यता पाहिल्याशिवाय तिला त्यांच्या ताब्यात देऊ नये आणि दलालांच्या बाजूने उभा राहणारा वकील त्याच वेळी मुलीचा वकील म्हणून उभा राहू नये, असे न्यायालयाने सांगितले. मुलीच्या नावाने बोलणारा आवाज नेमका कुणाचा आहे, हे पाहण्याची जबाबदारी त्या निकालाने दंडाधिकाऱ्यावर टाकली.

उचल घेतली म्हणून माणूस विकला जात नाही

तस्करी फक्त देहविक्रीची नसते. कोल्हापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाने आधीच उचल दिलेली असते आणि ती हंगामभराच्या तोडणीतून फेडायची असते. उचल घेणे-देणे हा स्वतःत गुन्हा नाही. पण फेड होईपर्यंत फडातून जाऊ द्यायचे नाही, आजारी माणसालाही सोडायचे नाही, एखाद्याला डांबून ठेवायचे, असे घडले तर प्रश्न बदलतो. तेव्हा ‘त्याने स्वतः अंगठा दिला’ हे उत्तर चालत नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ ने वेठबिगारीचा प्रत्येक करार, तो कितीही राजीखुशीने केलेला असला तरी, रद्द ठरवला आहे. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भारही सावकारावर टाकला आहे.

या विचाराला घटनेचा आधार आहे. अनुच्छेद २३ माणसांचा व्यापार आणि वेठ यांवर बंदी घालतो. १८ सप्टेंबर १९८२ रोजी, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी बळजबरीचा अर्थ विस्तारला. काठी उगारणे एवढीच बळजबरी नाही. भूक आणि गरिबी माणसापुढे दुसरा मार्ग ठेवत नाही आणि तो किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करतो, तेव्हा तेही सक्तीचे श्रम असतात, असे त्यांनी लिहिले.

२०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने याच दिशेचा निकाल दिला. ग्रीसमधल्या मानोलाडा या गावी स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत बांगलादेशी मजूर राबत होते. ते कामाला आपण होऊन आले होते. मजुरी मिळेना म्हणून त्यांनी ती मागितली, तेव्हा रखवालदारांनी गोळ्या झाडल्या. मालक मजुराच्या लाचारीचा फायदा घेतो तेव्हा सुरुवातीची संमती पुरेशी ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. ऊस असो की स्ट्रॉबेरी, फडावरच्या माणसाला हे तत्त्व सारखेच लागू पडते.

सुटकेनंतर तिला विचारायचे की नाही

इथे गोष्ट उलट बाजूने पाहावी लागते. संमती गैरलागू, हे वाक्य आरोपीसाठी आहे. ते पीडितेवर उलटवले की अन्याय सुरू होतो. पिटाच्या कलम १७ नुसार सुटका झालेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यापुढे आणतात. चौकशी चालू असताना तिला तीन आठवड्यांपेक्षा जास्त ताब्यात ठेवता येत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज दिसली, तर एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात पाठवण्याचा आदेश देता येतो. दंडाधिकारी मदतीला पाच जाणत्या व्यक्तींचे मंडळ बोलावू शकतो आणि त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत मालाडच्या एका ठिकाणी छापा पडला आणि तीन प्रौढ तरुणींना ताब्यात घेण्यात आले. त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना संस्थेत ठेवण्याचा आदेश झाला आणि सत्र न्यायालयानेही तो कायम केला. २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हाच काही कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही, या स्त्रिया आरोपी नाहीत, त्या सज्ञान आहेत आणि कुठे राहायचे, कोणते काम करायचे हे ठरवण्याचा मूलभूत हक्क त्यांना आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करण्यास सांगितले. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा फेरविचार ठरावीक मुदतीत करून त्यांना सोडावे, असा तो आदेश होता. त्या पीठात न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव, भूषण गवई आणि ए. एस. बोपन्ना होते.

कोल्हापूरच्या शेजारी सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ हे सेक्स वर्करांचे स्वतःचे संघटन अनेक वर्षे हीच मागणी करत आहे: आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. ही मागणी आणि तस्करीविरोधी कायदा यांत विरोध नाही. ‘तू हो म्हणाली होतीस का?’ हा प्रश्न दलालाच्या गुन्ह्याच्या वेळी गैरलागू आहे. ‘आता तुला काय हवे आहे?’ हा प्रश्न सज्ञान स्त्रीला सुटकेनंतर विचारलाच पाहिजे. दोन प्रश्नांची अदलाबदल झाली की दलाल सुटतो आणि बाई कोंडली जाते.

अजून उरलेल्या फटी

कायदा अजून पुरा झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या त्या २००० सालच्या पालेर्मो करारात अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत साधने सिद्ध करण्याची गरज ठेवलेली नाही. कृती आणि शोषणाचा हेतू पुरे होतो. भारताने तो करार २०११ मध्ये मान्य केला, पण आपल्या कलमात ही सूट लिहिलेली नाही. करारात ‘लाचार परिस्थितीचा गैरफायदा’ हे स्वतंत्र साधन आहे. आपल्याकडे त्याऐवजी ‘सत्तेचा गैरवापर’ एवढेच शब्द आहेत. साधने सिद्ध झाली नाहीत की पुढच्या दाराने बाहेर घालवलेली संमती मागच्या दाराने परत येते. धमकी नव्हती, फसवणूक नव्हती, मग ती राजीच असणार, असा युक्तिवाद मग उभा राहतो. अशा वेळी न्यायाधीशाला आशियाई खेळांच्या मजुरांच्या प्रकरणातल्या १९८२ च्या निकालाचा आधार घेऊन गरिबी, कर्ज आणि वय यांना बळजबरीच्या चौकटीत आणावे लागते.

साक्षीचा प्रश्नही मोठा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तस्करीच्या जाळ्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलीला गुन्ह्यातली साथीदार समजू नये. तिची साक्ष जखमी साक्षीदाराच्या साक्षीसारखी मानावी आणि तिच्या सांगण्यातल्या किरकोळ विसंगतीवरून तिला खोटे ठरवू नये. जिल्हा न्यायालयांना रोज लागणारी ही शिदोरी आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता तिथे येतात. सौंदत्तीच्या वाटेवरची गावे, सांगलीची वस्ती आणि उसाचे फड हे सगळे याच न्यायालयाच्या पदरात आहे. संरक्षणगृहातल्या स्त्रीला किंवा डांबलेल्या मजुराच्या कुटुंबाला दाद मागायला आता मुंबई गाठावी लागणार नाही.

पण खटला न्यायालयापर्यंत पोहोचण्याआधी कुणीतरी तक्रार करावी लागते, आणि बहुतेक तक्रारी ‘ती स्वतःच्या मर्जीने गेली’ या एका वाक्यावर गावातच मिटतात. ते वाक्य सरपंच बोलतो, शेजारी बोलतो, कधी आईबापही बोलतात. मुलगी कुठे गेली, कुणी नेली, किती पैसे दिले आणि ती आज फोनवर मोकळेपणाने बोलू शकते का, हे विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. लहान मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. तिच्या मर्जीचा निवाडा गावाने करू नये. गावाने तक्रार पोहोचवावी. नेणाऱ्याचा गुन्हा न्यायालय ठरवेल, आणि पुढे कसे जगायचे हे ती सज्ञान असेल तर ती स्वतः ठरवेल.